चित्राची पाठ

काही महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयातील चर्चासत्रात ‘साहित्य आणि इतर कला’ या विषयावर बोलताना एका वक्त्यांनी निसर्गचित्रकाराला दोन वाक्यांत निकालात काढले. समोरचा डोंगर पाहून डोंगर रंगवणे हे हात बसवण्याचे काम. निर्मिती म्हणतात ती नंतर, चार भिंतींच्या आत, स्मृतीतून आणि कल्पनेतून होते. तेव्हा रोज सकाळी रंगपेटी उचलून नदीकाठी जाणारा माणूस फार तर चांगला कारागीर. सभागृहाने मान डोलावली. त्या वेळी आम्हीही काही बोललो नाही. चहाची वेळ झाली होती आणि वक्ते आमचे स्नेही आहेत. जे बोलायचे राहून गेले ते येथे लिहीत आहोत. स्नेह कायम ठेवून, पण मत सौम्य न करता.

हे मत त्या एका वक्त्यांचे असते तर इतका खटाटोप केला नसता. मराठी समीक्षेत ते इतके मुरलेले आहे की कोणी ते मांडतसुद्धा नाही, गृहीत धरते. निसर्ग समोर ठेवून केलेल्या चित्राला आपण ‘अभ्यासचित्र’ म्हणतो आणि त्यामागे ‘केवळ’ हा शब्द न उच्चारता लावतो. ज्या भाषेत ‘अभ्यास’ या शब्दाला ज्ञानेश्वरांपासूनची प्रतिष्ठा आहे, त्या भाषेत तो परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या उजळणीइतका लहान व्हावा, याचे आम्हाला नवल वाटते. कोणी सहानुभूतीने ‘हा त्यांचा रियाज’ असे म्हणतात. तेही आम्हाला मान्य नाही. रियाज मैफिलीसाठी असतो, तो बंद दाराआड होतो आणि त्याचे मागे काही उरत नाही. उघड्यावर केलेले तैलचित्र मात्र उरते. शिवाय ते पुढच्या कशाची तयारी असतेच असे नाही.

एक उदाहरण घेऊ आणि त्यात जरा रेंगाळू. जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) हा इंग्लंडच्या सफक परगण्यातील ईस्ट बर्गहोल्ट गावचा. वडील धान्याचे व्यापारी आणि गिरण्यांचे मालक. १८०८ ते १८१० च्या सुमारापासून तो गावाभोवतीच्या शेतांत, कालव्याच्या काठी बसून तैलरंगांत लहान लहान चित्रे करू लागला. पद्धत साधी होती. मांडीवर रंगपेटी, तिच्या उघड्या झाकणाला टाचलेला कागद, आणि कागदावर आधीच दिलेले तांबूस किंवा तपकिरी अस्तर. रंगाच्या धातूच्या नळ्या तेव्हा नव्हत्या. जॉन रँडने त्यांचे पेटंट घेतले ते १८४१ मध्ये, कॉन्स्टेबलच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या छोट्या पिशवीत बांधून नेत, टोचून काढत आणि भोक बुजवत. एवढा व्याप करून माणूस उघड्यावर तैलरंगच का नेतो? जलरंग हलके, लवकर वाळणारे, प्रवासाला सोयीचे.

तैलरंग लवकर वाळत नाही, हेच त्याचे उत्तर आहे. ओल्या रंगावर ओला रंग लावता येतो, खरवडता येतो, पुसता येतो, अंधारावर उजेड चढवता येतो. जलरंगात कागदाचा पांढरेपणा राखून ठेवावा लागतो, म्हणजे उजेड कुठे असणार हे आधी ठरवावे लागते. तैलरंगात उजेड शेवटपर्यंत बदलता येतो. ज्याला समोरच्या आकाशाबद्दलचे आपले मत दर दहा मिनिटांनी बदलावे लागणार आहे, त्याला हेच माध्यम लागते. वेळ मात्र मोजका. पिएर-आंरी द व्हालांसिएन या फ्रेंच चित्रकाराने १८०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विद्यार्थ्यांना बजावले होते की उघड्यावरच्या अभ्यासाला फार तर दोन तास द्यावेत आणि सूर्योदय-सूर्यास्ताचा असेल तर अर्धाच तास, कारण त्यानंतर उजेड निराळा होतो आणि चित्रात दोन वेळा मिसळतात. स्थळ-काळाच्या एकतेवर तासन्‌तास व्याख्याने देणाऱ्या आम्हा साहित्याच्या शिक्षकांना एवढी कडक अट कुठे भेटली आहे?

१८१९ पासून कॉन्स्टेबल उन्हाळ्यात लंडनच्या उत्तरेस हॅम्पस्टेडच्या टेकडीवर घर घेऊ लागला. पत्नी मराया क्षयाने आजारी होती (ती १८२८ मध्ये वारली) आणि टेकडीवरची हवा तिला मानवेल अशी आशा होती. त्या टेकडीवर १८२१ आणि १८२२ या दोन वर्षांत त्याने आकाशाचे अभ्यास केले. ऑक्टोबर १८२२ मध्ये मित्र जॉन फिशर याला लिहिलेल्या पत्रात तो अशा सुमारे पन्नास अभ्यासांचा हिशेब देतो. १८२१ च्या चित्रांत खाली झाडाचा शेंडा किंवा जमिनीची पट्टी दिसते. पुढच्या वर्षीच्या अनेक चित्रांत तीही नाही. नुसते ढग. ना झाड, ना पाखरू, ना माणूस.

आता ही चित्रे उलटून पाहावीत. पाठीमागे तो लिहून ठेवी: तारीख, वेळ, तोंड कोणत्या दिशेला, वारा कसा, ढगांचा वेग किती. ११ सप्टेंबर १८२१ च्या एका अभ्यासाची नोंद पाहा. सकाळी दहा ते अकरा, उन्हाच्या दिशेने पाहताना, ढग रुपेरी करडे, हवेत उकाडा, वारा हलका. दिवसभर उघडीप, पण त्या रात्री पाऊस. आम्ही या नोंदीवर अडलो ते तिच्या शेवटामुळे. चित्र अकरा वाजता संपले आणि पाऊस रात्री पडला. म्हणजे नोंद निदान दुसऱ्या दिवशी पुरी झाली. चित्रकार त्या कागदाकडे परत आला आणि काल सकाळी आपण जे पाहिले त्यातून पुढे काय निघाले, ते त्याने लिहिले. सकाळच्या त्या ढगांत रात्रीचा पाऊस होता काय, हा प्रश्न त्या कागदाच्या पाठीवर आहे. याला हात बसवणे म्हणतात? आमच्या मते ही विचाराची पूर्ण झालेली कृती आहे. तिला गृहीतक आहे, निरीक्षण आहे आणि पडताळाही आहे. १८३६ साली रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात निसर्गचित्रण ही निसर्गनियमांच्या शोधाचीच एक शाखा का मानू नये आणि चित्रे म्हणजे त्या शोधातले प्रयोग का समजू नयेत, असा सवाल त्याने केला, तो काही टाळ्यांसाठी नव्हता. चौदा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पन्नास कागदांच्या पाठी त्याच्या मागे होत्या.

यावर एक रास्त आक्षेप येईल. कॉन्स्टेबलने स्वतः हे अभ्यास प्रदर्शनात कधी मांडले नाहीत. मांडली ती मोठी, स्टुडिओत पुरी केलेली चित्रे. १८२४ च्या पॅरिसमधील प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले ते ‘द हे वेन’ला, ढगांच्या कागदांना नाही. मग चित्रकाराने स्वतःच ज्यांना दुय्यम मानले त्यांची वकिली आम्ही का करावी? पण न मांडणे म्हणजे दुय्यम मानणे, हे कोणी ठरवले? बाजारात काय चालते याची त्याला जाण होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. ते अभ्यास मोठ्या चित्रांचा कच्चा माल असते, तर त्यांतली आकाशे मोठ्या चित्रांत उतरलेली दिसायला हवी होती. तशी थेट नेऊन बसवलेली आकाशे सहसा दाखवता येत नाहीत. त्याने ती जपून ठेवली. पुढे १८८८ मध्ये त्याची मुलगी इझाबेल हिने आपल्याजवळचा मोठा संग्रह आज व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयाला दिला. तेव्हा कुठे जगाला कळले की हा माणूस रोज काय करीत होता.

कळले, पण चुकीचे कळले. विसाव्या शतकाने पारडे फिरवले. आता मोठी चित्रे थंड आणि घोटलेली ठरली, अभ्यास मात्र उत्स्फूर्त, धगधगते, ‘आधुनिक’. हे कौतुक आम्हाला निंदेपेक्षा जास्त घातक वाटते. उत्स्फूर्त म्हणून ज्याची वाखाणणी होते त्या कागदावर अस्तर आदल्या दिवशी दिलेले आहे, वेळेची मर्यादा आखलेली आहे आणि नोंद दुसऱ्या दिवशी पुरी झालेली आहे. यात उमाळा कुठे आहे? आपल्याकडे बालकवींना ‘निसर्गकवी’ हे लेबल लावून आपण जसे मोकळे झालो, पाखराला गाणे जसे येते तसे त्यांना काव्य येई असे म्हणून त्यांच्या शब्दनिवडीकडे पाहणे टाळले, त्यातलाच हा प्रकार. एका बाजूला नक्कल, दुसऱ्या बाजूला उमाळा. दोन्हींत मधला माणूस, जो पाहतो, ठरवतो आणि पुसतो, तो गायब.

मर्ढेकरांच्या परंपरेतले अभ्यासक येथे हसतील. त्यांच्या दृष्टीने समोर ढग होता की सतरंजी, हा प्रश्नच गैरलागू. रंगांतले संवाद, विरोध आणि समतोल तेवढे पाहावेत. मराठी सौंदर्यशास्त्राने चित्रकलेकडून घेतलेले सर्वांत मोठे कर्ज हेच, आणि ते आम्ही आदराने मान्य करतो. पण हॅम्पस्टेडच्या आकाशांपुढे ते तत्त्व लंगडे पडते. त्यांतली काही आकाशे सरळ सरळ तोल गेलेली आहेत. उजवीकडे काळ्या ढगांचा ढीग, डावीकडे जवळजवळ काही नाही. समतोल साधणे त्या हाताला जड नव्हते. त्याने साधला नाही, कारण त्या दुपारी आकाशात तो नव्हता. येथे ‘लौकिक’ वस्तू ही कलाकृतीच्या बाहेर राहिलेली उपरी गोष्ट नाही. ब्रशला प्रत्यक्ष अडवणारी ती एकमेव गोष्ट आहे. आपल्या हाताची लकब मोडायला चित्रकाराला दुसरे कोण भेटणार? स्टुडिओत तर सगळे त्याच्या बाजूचेच असतात.

सर्वांत गंभीर आरोप मात्र वेगळ्याच दिशेने येतो, आणि तो टाळला तर आमचे म्हणणे पोकळ ठरेल. जॉन बॅरल यांनी १९८० साली ‘द डार्क साइड ऑफ द लँडस्केप’ या पुस्तकात दाखवून दिले की इंग्लिश निसर्गचित्रांतला शेतमजूर हळूहळू दूर, लहान आणि धूसर होत गेला. त्याचे कष्ट भूदृश्याच्या सुसंवादात विरघळवले गेले आणि कॉन्स्टेबलही त्याला अपवाद नाही. हे पुस्तक आमच्यापैकी अनेकांनी साहित्याच्या वर्गातच प्रथम वाचले आणि त्याचा मुख्य मुद्दा आम्हाला मान्य आहे. कॉन्स्टेबल राजकारणात सनातनी होता, मताधिकार वाढवणाऱ्या १८३२ च्या सुधारणांच्या विरोधात होता. १८२२ च्या वसंतात त्याच्या भावाकडून बातमी आली होती की सफकमध्ये रात्री-अपरात्री आगी लागल्याचे दिसते; पिचलेले मजूर गंजी पेटवत होते. त्याच वर्षी हा माणूस टेकडीवर बसून पन्नास आकाशे रंगवतो. वर पाहणारा माणूस खाली पाहणे चुकवत होता काय?

कदाचित होय. पण हा प्रश्न आम्हाला विचारता आला तो कशाच्या जोरावर? तारखांच्या. आकाशाच्या पाठीवर दिवस लिहिलेला नसता, तर ते कोणत्याही वर्षाचे, कोणत्याही राज्याचे आकाश राहिले असते. ज्यांना कलेचा इतिहास आणि वर्गाचा इतिहास एकत्र वाचायचा आहे त्यांनी तर या रोजच्या कागदांचे सर्वांत जास्त ऋणी असायला हवे. प्रदर्शनाचे चित्र काळ लपवते, अभ्यास तो नोंदवतो. आणखी एक गोष्ट. १८१४ मध्ये जवळजवळ सर्वस्वी उघड्यावर बसून त्याने फ्लॅटफर्डच्या गिरणीजवळची नाव बांधण्याची जागा रंगवली. तेथे होडीचा सांगाडा आहे, उकळते डांबर आहे, पुढ्यात पडलेली अवजारे आहेत आणि कामाला लागलेला माणूस आहे. जागा त्याच्या वडिलांची, म्हणजे नजर मालकाच्या मुलाची, हे खरेच. पण होडी कशी बांधतात हे त्या चित्रावरून अजूनही समजते, सुसंवादात विरघळलेल्या चित्रावरून ते समजले नसते. रोज समोर बसणे ही सद्गुणाची हमी नव्हे. फक्त, समोर बसलेल्या माणसाला काही गोष्टी वगळणे अवघड जाते.

हे सगळे पुस्तकातून बोलणे झाले. म्हणून आमच्यापैकी दोघे गेल्या हिवाळ्यात वाईला एका चित्रकाराच्या मागे काही सकाळी बसून राहिले. हे गृहस्थ कृष्णेच्या घाटावर तैलरंगांत काम करतात आणि नाव छापले जाणे त्यांना आवडणार नाही. पहिल्या दिवशी आम्ही चित्र पाहत होतो; तिसऱ्या दिवसापासून चिंधी पाहू लागलो. ब्रशपेक्षा जास्त काम चिंधीचे होते. पायऱ्यांवरची सावली सरकली की तिच्या कडेचा रंग पुसला जाई. एका सकाळी पावणेदहाला त्यांनी पॅलेट नाइफने सगळा बोर्ड खरवडून काढला, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवले आणि चहा मागवला. चित्र आम्हाला चांगले वाटत होते, तसे आम्ही बोललोही. त्यावर ते एवढेच म्हणाले, “हे कालचं पाणी आहे हो सर. आज पाणी हिरवं नव्हतं.” म्हणजे त्यांच्या हाताने आदल्या दिवशीचा रंग आपल्या मनाने लावला होता आणि तो सुंदर होता, म्हणूनच पुसावा लागला. आमच्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने चांगली जमलेली उपमा केवळ ती कालची आहे म्हणून खोडली, असे आम्हाला आठवत नाही. खोडायला आम्ही कधी शिकवलेही नाही.

वाईचेच नाव निघाले आहे तर कबुलीही द्यायला हवी. वाई, मेणवली, नाशिकचा गोदाघाट, मुंबईचे बाणगंगा ही आपल्याकडच्या निसर्गचित्रकारांची ठरलेली ठिकाणे, आणि तेथे ठरलेली चित्रेही होतात. तेच ओले घाट, त्याच प्रतिबिंबाच्या उभ्या रेघा, लाल-पिवळ्या लुगड्यांचे तेच चार ठिपके. ही चित्रे जागेवर बसून केलेली असली तरी निसर्गावरून केलेली नाहीत. ती आधीच्या चित्रावरून केलेली असतात. त्या दिवशीच्या वक्त्यांच्या डोळ्यांपुढे हीच असावीत, आणि तेवढ्यापुरते आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. पण वाईट सुनीते भरमसाट लिहिली गेली म्हणून सुनीत हा वृत्तप्रकारच कारागिरीचा, असे आपण म्हणत नाही. मग येथेच हा निकष का?

चांगल्याकडे पाहण्याची सवय नाही, हे त्याचे एक कारण. कोल्हापूरचे आबालाल रहमान (मृत्यू १९३१) हे आपल्याकडच्या निसर्गचित्रणातले थोर नाव. शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता आणि कोल्हापूरच्या परिसरात त्यांनी उघड्यावर अफाट काम केले. त्यांच्याबद्दल चार मराठी माणसांना विचारा. महाराजांच्या निधनानंतर त्यांनी आपली चित्रे तळ्यात सोडून दिली, ही आख्यायिका तिघे सांगतील. पाण्यावरचा उजेड ते कसा लावत, हे चौथाही सांगणार नाही. पॉल सेझानचेही तेच. १५ ऑक्टोबर १९०६ रोजी एक्सजवळ उघड्यावर चित्र काढताना तो वादळी पावसात सापडला, कोसळला, त्याला गाडीत घालून घरी आणले आणि आठवडाभरात तो गेला. हा प्रसंग प्रत्येक चरित्रात रंगवून येतो. कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी तो उठून पुन्हा कामाला गेला होता, हे वाक्य मात्र घाईने उरकतात. त्याच सप्टेंबरात त्याने मुलाला कळवले होते की नदीकाठच्या एकाच जागी बसून जरासे उजवीकडे-डावीकडे वळले तरी महिनोन्‌महिने पुरेल एवढे काम आहे. वादळापेक्षा ते पत्र समजावून सांगणे अवघड, म्हणून वादळ सांगितले जाते.

साहित्याच्या वर्गात याचे काय करायचे, असे कोणी विचारील. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आपण ‘ललित’ म्हणून शिकवतो. महिन्यामहिन्याला बदलणाऱ्या झाडांकडे इतके चिकाटीने पाहणे ही एक ज्ञानपद्धती आहे, हे सांगत नाही. प्रश्नपत्रिकेत ‘निसर्गवर्णनाचे सौंदर्य स्पष्ट करा’ असे विचारतो आणि विद्यार्थी ‘सजीव’, ‘चित्रमय’, ‘हुबेहूब’ ही तीन विशेषणे लिहून दहापैकी सहा गुण घेतात. ते देणारे आम्हीच. निदान पुढच्या वर्षी ‘हुबेहूब’ लिहिणाऱ्याला एवढे तरी विचारावे: किती वाजताचे हुबेहूब?

वाईहून निघायच्या दिवशी आम्ही त्या चित्रकारांना त्यांचे जुने बोर्ड उलटून दाखवायला सांगितले. त्यांना ही मागणी विचित्र वाटली, पण दाखवले. बहुतेकांच्या पाठीवर पेन्सिलीने किंमत होती, काहींवर गिऱ्हाइकाचा फोन नंबर. एकावर मात्र किंमत खोडलेली होती आणि खाली लिहिले होते: ‘१७ डिसें. धुके ८.४० ला गेले. घाट उरला. विकायचे नाही.’